डिक्कीवरचा काळा पंख

दादाने सेकंड हँड गाडी घेतली आणि पहिल्याच रविवारी डिक्कीवर पंखासारखा काळा स्पॉयलर बसवून आणला. दिंडोरीला मुलगी बघायला जायचं होतं. आधीची स्थळं त्याच्या गप्प बसण्यामुळे मोडली होती. या वेळी आपल्याऐवजी गाडी बोलेल, असं त्याला वाटलं असावं.

मी मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे मिक्सर बिघडला तरी मलाच विचारतात. मला बहुतेक वेळा येत नाही.

पोहे झाले. दादा गप्पच. मुलीचे वडील द्राक्षबागायतदार. ते अंगणात येऊन गाडीभोवती फिरले.

"पाव्हणं, याचं काम काय वो?"

"गाडी रोडला चिकटून राहते," दादा पहिल्यांदा बोलला. "ॲव्हरेजपण वाढतं."

"मग आमच्या ट्रॅक्टरलापण एक बसवा की!"

"आमच्या पोरीला इचारा," आई अभिमानाने म्हणाली. "इंजिनीअर व्हऊन राहिली ती."

सगळे माझ्याकडे बघू लागले. दादा तर डोळ्यांनीच हात जोडत होता. मला खोटं बोलवेना, आणि खरं बोलले तर हेही स्थळ जाणार. घाबरून मी म्हणाले, "करून बघावं लागेल. मागच्या काचेवर बाहेरून लोकरीचे तुकडे चिकटवायचे, म्हणजे हवा कशी जाते ते दिसतं."

वाटलं, विषय संपला. पण दारातून मुलगी म्हणाली, "लोकर आहे माझ्याकडे. हिरवी चालेल?"

थोड्याच वेळात दादा गाडी चालवत होता, आणि ती अन् मी मागच्या सीटवर उलट तोंड करून, गुडघ्यांवर. दोन्हीकडे द्राक्षबागा, पुढे फवारणीचा ट्रॅक्टर. गाडी चाळीसच्या वर जाईना. काचेबाहेर तुकडे मात्र फडफडत होते.

"हा बघा, वरातीत नाचतोय!" ती म्हणाली. "आणि तो कोपऱ्यातला रुसलाय."

"काय झालं? चिकटली का गाडी?" दादाने पुढून विचारलं. आम्हाला हसण्यामुळे उत्तर देता येईना.

परत आलो. तिच्या वडिलांनी पाना दिला, दादाने जड मनाने स्पॉयलर काढला आणि आम्ही पुन्हा निघालो. तुकडे तसेच नाचले. रुसलेला तसाच रुसलेला.

"सांग आता," दादा म्हणाला.

मी खरं सांगून टाकलं. "दादा, रेसच्या गाड्यांना उपयोग होतो. त्या खूप जोरात पळतात, आणि त्यांच्या स्पॉयलरचा आकारही मोजून केलेला असतो. आपला... नुसता दिसायला आहे."

दादाने आरशातून तिच्याकडे बघितलं. "मला माहीत होतं. दुकानदारानेच सांगितलं होतं. तुम्हाला आवडावा म्हणून लावला."

एवढं लांब वाक्य तो आमच्याशीही बोलत नाही.

"आवडला," ती म्हणाली. "पण डावीकडे कलला होता."

अंगणात परतल्यावर स्पॉयलर पुन्हा बसवताना तिने स्वतः एक टोक धरलं आणि दादा बोल्ट आवळू लागला.

"काय निघालं मग?" वडिलांनी विचारलं.

"नुसता दिसायला आहे, बाबा. पण राहू दे."

"त्याचं नाय गं. पाव्हण्यांचं इचारतोय."

ती खाली बघून म्हणाली, "त्यांनाही हो."

दादाच्या हातातून नट निसटला आणि अंगणाच्या कडेच्या गवतात गेला. दोन्ही घरची माणसं ओणवी होऊन तो शोधायला लागली. माझी आईसुद्धा, नव्या साडीत.