मंधात काय होते?

एका विद्यार्थ्याला मी एक पुस्तक सुचवले होते. ते मी स्वतः दुसऱ्या प्रकरणापलीकडे वाचलेले नव्हते. इतकी वर्षे ही गोष्ट मी कोणाजवळ बोललो नाही, घरीसुद्धा नाही.

अमरावतीच्या महाविद्यालयात मी ऑपरेटिंग सिस्टिम हा विषय शिकवत असे. बडनेऱ्याहून येणाऱ्या त्या मुलाला वर्गात सगळे ‘मंधात’ म्हणत. काहीही शिकवून झाले, की दोन पायऱ्यांच्या मध्ये काय घडते हे विचारायला त्याचा हात वर जाई : “पन सर, मंधात काय होते?” टपरीवर मित्र ओरडत, “याले चहा नोका देऊ, दूध आन् पत्तीच्या मंधात काय होते, थे इचारत बसन!” तोही हसे, आणि मग खरोखरच विचारी.

पुस्तक पारखण्याची त्याची एकच रीत होती. ग्रंथालयात उभ्याउभ्याच तो पुस्तकाला प्रश्न घाली : कळ दाबल्यापासून पडद्यावर अक्षर उमटेपर्यंत संगणकाच्या आत काय काय घडते? एक पायरी गाळलेली दिसली, की पुस्तक परत फळीवर. “लपवते हे,” तो म्हणे. शेवटी तो माझ्याकडे आला. “सर, एकच सांगा. इकत घेतो. पन लपवनारं नोको.”

‘मलाही ठाऊक नाही,’ एवढे म्हणणे पुरेसे होते. मी कपाटातले सर्वांत जाड पुस्तक दाखवले आणि म्हणालो, “हे घे. यात सगळे आहे.”

माझ्या शब्दाखातर त्याने आपली रीत प्रथमच मोडली. न पारखता पुस्तक घेतले. पुढे ते सतत त्याच्या काखेत दिसे. एकदा त्याने एका वाक्यावर बोट ठेवले : ‘येथून पुढचे कार्य यंत्रणा पार पाडते.’ “सर, हे यंत्रना म्हंजे कोन?” मी म्हणालो, “पुन्हा वाच. लक्ष देऊन वाच.”

त्याने किती वेळा वाचले, कोण जाणे. शेवटच्या वर्षी त्याचा हात वर येईनासा झाला. निरोपाच्या दिवशी म्हणाला, “पुस्तक चांगलंच असन सर, तुमी सांगतलं. माह्यंच डोस्कं कमी पडलं.” मी त्याच्या खांद्यावर फक्त हात ठेवला.

गेल्या वर्षी ते पुस्तक मी अखेर सबंध वाचले. त्याचा प्रश्न त्यात कुठेच सुटत नव्हता. एका छोट्या सिस्टिमचा संपूर्ण कोड ओळीओळीने उलगडणारे पातळसे पुस्तक मात्र त्या काळापासून माझ्याच टेबलाच्या खणात होते. प्रकाशकाने नमुना प्रत म्हणून पाठवलेले, मी कधीही न उघडलेले.

त्याचे अकोल्यात मोबाइलचे दुकान आहे असे कळले, म्हणून गेलो. गेलेले काही परत येणार नाही, हे वाटेतच कळून चुकले होते. तो एका फोनला काच चिकटवत होता.

“अरे, सर! या, बसा.”

“दुरुस्तीही करतोस?”

“नाही जी. खोलाचं काम भागीदार पाह्यते. आपन वरचं वर. कव्हर, काच.” त्याने काचेखालचा हवेचा बुडबुडा अंगठ्याने कडेला नेला. “काहून आले सर, इतक्या दूर?”

समोर गिऱ्हाईक उभे होते. तरीही मी मोठ्याने म्हणालो, “ते पुस्तक मी पुरते वाचलेलेच नव्हते. तुझे डोके कमी पडले नाही. ठाऊक नाही म्हणायची मला लाज वाटली. मला क्षमा कर.”