मास्तरांचा मूषक

"थांबा, ते बघतंय," असं म्हणून मास्तर कुणालाही दंडाला धरून भर रस्त्यात उभं करत. 'ते' म्हणजे टांग्याचं घोडं, कोळणीच्या पाटीशी बसलेली मांजर, नाहीतर कौलावरची घार. ऑफिसला उशीर व्हायचा. पण तुम्हीही थांबला असतात.

आमच्या गिरगावातल्या चाळीत त्यांची एक खोली. त्यात प्लॅस्टरचं रानडुक्कर, बिबळ्याची दोन पिल्लं आणि लाकडी ठशांवरून काढलेली चित्रं दोरीवर वाळत घातलेली: काळवीट, साळिंदर, मोर. बायको म्हणे, "माणसानं टेकायचं कुठे?" मास्तर म्हणत, "डुकरावर टेका की." पोट मात्र भरे ते लालबागच्या कारखान्यात गणपतीची वाहनं घडवून.

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ भरात असतानाचा गणेशोत्सव. मी मंडळाचा खजिनदार. मास्तरांनी धान्याच्या वखारीत बसून, खरे उंदीर बघून, आमच्या गणपतीसाठी शाडूचा मूषक केला.

"आयुष्यात एवढं एक बरं जमलंय," ते मला म्हणाले. "याचं विसर्जन नको. कलाप्रदर्शनाला पाठवतो. आजवर माझं काही घेतलं नाही त्यांनी, हा घेतील."

बैठकीत तळमजल्यावरच्या काकूंनी विचारलं, "आणि देवानं काय चालत जायचं?"

"दुसरा उंदीर देतो, काकू."

"नैवेद्य यानं खायचा आणि ओझं दुसऱ्यानं वाहायचं?"

मतं घेतली. एका मतानं मास्तर जिंकले.

विसर्जनाच्या दिवशी ते मऊ फडकं घेऊन मूषक न्यायला आले. मांडवात रांग होती. मूषकाच्या कानात मागणं सांगितलं की तो देवाला पोचवतो, असं आमच्याकडे मानतात. गिरणीतला एकजण सांगत होता, "मुंबई आपल्याला मिळू दे म्हणावं." त्याच्यामागे सत्याग्रहात पकडलेल्या मुलाची आई होती. ती बराच वेळ वाकून बोलत राहिली.

मास्तरांनी फडक्याची घडी घातली.

"खजिनदार, जाऊ दे त्याला. एवढ्यांचे निरोप घेतलेत त्यानं. मी अध्येमध्ये कसा अडवू?"

चौपाटीवर त्यांनीच तो पाण्यात सोडला. प्रदर्शनाला साळिंदराचं चित्र पाठवलं. ते परत आलं.

पुढच्या वर्षी बघतो तर मूषकाचे कान जवळजवळ दुप्पट.

"मास्तर, खऱ्या उंदराचे एवढे नसतात."

"खऱ्याला एवढं ऐकावं लागत नाही."

मास्तर जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्या कारखान्यात अजून मूषकाचे कान तेवढेच करतात. का, म्हणून तिथल्या नव्या कारागिराला विचारलं. तो म्हणाला, "मापच तसं आहे."