देवीची उजवी बाजू

फौजेत बावीस वर्षं काढली, त्यातली नऊ वर्षं मी ड्रिल उस्ताद होतो. म्हणजे नव्या भरतीतल्या पोरांना डावं कुठलं आणि उजवं कुठलं हे शिकवायचं. पगार त्याचाच मिळायचा. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं जे घडलं त्यात माझी अब्रू जाते, आणि जायचीच आहे तर पुरती जावी.

गाव आमचं वाई आणि साताऱ्याच्या मधलं. बायकोला गाठ लागली तेव्हा घरात हळद शिजवायचं चाललं होतं. हळद शिजून, वाळून, पॉलिश होऊन बाजारात जाईपर्यंत ही बाई कुणाला काही बोलली नाही. मग एका सकाळी चहा देता देता म्हणाली की छातीत बगलेकडं काहीतरी आहे, सुपारीएवढं. मी लय चिडलो. पेन्शनवर आल्यापासून माझ्या चिडण्याला घरात कुणी विचारत नाही. ती म्हणाली, चिडून झालं की सांगा साताऱ्याला कवा जायचं ते.

साताऱ्यात तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी मला एकट्याला आत बोलावलं, तर ती माझ्या आधी जाऊन खुर्चीत बसली. कॅन्सर म्हटल्यावर तिनं विचारलं, बरा होतो का. डॉक्टर म्हणाले, आता अजिबात वेळ न घालवता उपचार केले तर होईल. मी विचारलं ते इतकंच, की बाहेर मोटरसायकल लावलीय तिथं चालेल का.

पुण्याला जायचं की सांगलीला यावर घरात दोन दिवस खल झाला. पुण्याला मोठमोठी हॉस्पिटलं होती, सांगलीला तिची धाकटी बहीण होती. बहीण जिंकली. तीन आठवड्यांनी एक अशा चार केमो, मग ऑपरेशन, मग रेडिएशन, ज्याला आमच्याकडे शेक म्हणतात. मी फाईल केली. प्रत्येक कागदाला नंबर घातला, पुढं यादी लावली. सांगलीच्या डॉक्टरांनी फाईल चाळून विचारलं, फौजी का? मला बरं वाटलं. एवढंच एक काम मला जमत होतं.

बाकीच्यांनी देव वाटून घेतले. माझ्या आईनं चहा सोडला. थोरल्या भावानं चपला सोडल्या आणि तिसऱ्या दिवशी पायात काटा मोडून घेतला. वहिनी सोमवार धरायला लागली. सांगलीत मेव्हणीच्या वरच्या मजल्यावर एक मुसलमान शिंप्याचं कुटुंब राहतं, तिथल्या खाला दर्ग्यातून धागा घेऊन आल्या आणि तो हिच्या मनगटाला बांधला. त्याच्या आधीचे चार दोरे होतेच. दुसऱ्या केमोला नर्सला शीर सापडेना, म्हणाली, ह्यातले काही सोडू का? बायको म्हणाली, दुसऱ्या हाताला बघा. तिथंही तीन होते.

त्याच केमोनंतर तिचे केस गेले. तिनं डोक्यावरून पदर घेतला आणि म्हणाली, आता तुमची नि माझी कटिंग सारखी.

केमो झाली की आठवडाभर तिला फोडणीचा वास सोसायचा नाही. मुलगा फौजेत, लांब. आईला चुलीपुढं बसवत नाही. भावाची चूल वेगळी, वहिनी भाजी पाठवायची, पण दोन्ही वेळचं दुसऱ्याकडून किती दिवस घेणार? मी पातेलं हातात घेतलं. मीठ किती, असं मी विचारायचो. आतल्या खोलीतून आवाज यायचा, अंदाजानं. अंदाज म्हणजे किती चमचे? भाताची पेज व्हायची, पिठल्यात गुठळ्या व्हायच्या. भाकरी परातीलाच चिकटून बसायची, मग मी ती उलथन्यानं खरवडून तुकड्यातुकड्यानं तव्यावर टाकायचो. एकदा ती दाराला धरून बराच वेळ हे बघत उभी राहिली.

"माझ्यामागं तुमचं कसं व्हायचं वं?" ती म्हणाली.

मी म्हटलं, साताऱ्याला मेस लावीन. ती हसली नाही.

चौथी केमो अंगावर आली. तोंडभर फोड उठले. दहा दिवस ती नुसत्या ताकावर होती. त्यानंतर सांगलीला दाखवायला गेलो तर डॉक्टर खूश. गाठ बरीच आकसली होती. पुढच्या शुक्रवारी ऑपरेशन करू, गुरुवारी येऊन दाखल व्हा, आता दिरंगाई केली तर सगळं केलेलं पाण्यात जाईल, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. मी तारीख फाईलवर लाल पेनानं लिहिली. परतीच्या एसटीत कऱ्हाड मागं पडल्यावर ती खिडकीकडं बघत म्हणाली, बास झालं आता, मी न्हाई जायची.

मी समजावलं, ओरडलो, पुन्हा समजावलं. घरी आईनं सांगून बघितलं, भावानं सांगितलं, मुलानं फोनवर सांगितलं. सगळ्यांना तिचं एकच उत्तर होतं. मंगळवारी देवीला कौल लावते, ती सांगंल तसं.

आमच्या गावच्या देवीला कौल लावायची रीत अशी. मूर्तीची अंघोळ झाली की गुरव फुलाच्या दोन पाकळ्या पाण्यात भिजवून देवीच्या दोन खांद्यांवर एकेक चिकटवतो. ज्याचं काम असेल त्यानं समोर बसून प्रश्न मनात धरायचा. तो गुरवालाही सांगायचा नाही, आणि काम तडीस जाईपर्यंत दुसऱ्या कुणालाही नाही. उजवी पाकळी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. विहिरीच्या जागा, पोरींची स्थळं, आमच्याकडे सगळं असंच ठरत आलंय. तिचा प्रश्न काय आहे हे कुणी विचारलं नाही. ऑपरेशनला जाऊ का, दुसरं काय असणार?

मी देवभोळा नाही. पलटणीत देवळातही परेड असायची म्हणून जायचो. पण बायकोचा जीव एका पाकळीवर टांगून ठेवायची माझी तयारी नव्हती. पडली तर उजवी, नाहीतर डावी, याला कुणी बंदोबस्त म्हणत नाही. मंगळवारी सकाळी मी खोबरेल तेलाची लहान बाटली खिशात घातली आणि सगळ्यांच्या आधी देऊळ गाठलं.

गुरव माझ्याच शाळेतला. देवीची अंघोळ उरकून तो मागच्या परड्यात फुलं तोडायला निघाला होता. म्हटलं, जा तू निवांत, मी बसतो हितं. तो गेल्यावर मी बाटली काढली, बोट बुडवलं आणि देवीच्या उजव्या खांद्याला तेल चोळलं. तेलावर ओली पाकळी ठरत नाही, एवढं शास्त्र मला येतं. मूर्ती काळ्या पाषाणाची, आधीच ओली, कुणाला काही दिसणार नव्हतं. हात जोडून म्हटलं, माफ कर बाई, पण हे तुझ्यावर सोडता येत नाही. मग बोट रुमालाला पुसलं आणि खांबाला टेकून बसलो.

थोड्या वेळानं मंडळी आली. आई, भाऊ, वहिनी आणि डोक्यावरून पदर घेतलेली ती. ती समोर बसली, डोळे मिटले. बराच वेळ बसली. ऑपरेशनला जाऊ का, एवढं विचारायला इतका वेळ कशाला लागतो हे मला कळेना. शेवटी तिनं मान हलवली. गुरवानं पाकळ्या चिकटवल्या आणि हात मागं घेतो न घेतो तोच उजवीकडची सरकली आणि खाली पडली.

मी म्हणालो, "उजवा." माझा आवाज अजून मैदानावरचाच आहे, सगळ्या देवळात ऐकू गेला. आईनं डोळ्याला पदर लावला.

गुरव हळूच म्हणाला, "डावा पडला, गड्या."

मी म्हटलं, डोळं फुटलं काय तुझं, ही बघ, उजवीकडची पडलीया.

"ती तुजी उजवी," गुरव म्हणाला. "देवी आपल्याकडं तोंड करून बसलीया."

समोरच्याची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला येते, हे विसरणाऱ्या पोरांना मी नऊ वर्षं मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या. त्यातल्या एखाद्यानं मला त्या वेळी बघायला हवं होतं. बोलायची सोय नव्हती. बोललो असतो तर तेलाचंही बोलावं लागलं असतं.

ती डोळे उघडून पडलेल्या पाकळीकडं बघत होती. मग तिनं देवीकडं बघितलं, भाजीवाली भाव कमी करत नाही म्हटल्यावर बघते तसं. नमस्कार केला, उठली आणि घरी चालत गेली.

त्या दिवसापासून घरात सुतक असल्यासारखं झालं. भाऊ म्हणाला, महिनाभर थांबू, पुढच्या पुनवेला परत कौल लावू. तिचा भाऊ कवठे महांकाळवरून मोटरसायकल हाणत आला, देव काय डॉक्टर हाय व्हय, म्हणून सगळ्या घराशी भांडला, जेवला आणि रडत झोपला. मला जेवण जात नव्हतं. मला भीती वाटत होती. नोकरीत बर्फातल्या चौकीवर राहिलोय, पण तसली भीती तिथं कधी वाटली नव्हती. बोटभर तेलानं मी माझी बायको घालवली होती, आणि हे फक्त मला ठाऊक होतं.

गुरुवारी सकाळी ठरवलं की सांगून टाकायचं. तिनं घराबाहेर काढलं तरी चालेल. आतल्या खोलीत गेलो तर ती बॅग भरत होती. दोन साड्या, टॉवेल, तांब्या.

"फाईल घ्या," ती म्हणाली. "सांगलीची गाडी कितीला हाय?"

मी म्हटलं, अगं पण कौल?

"कौल माजा हाय. मला कळलाय त्यो."

मी तेलाचं बोलायला उघडलेलं तोंड मिटलं आणि फाईल शोधायला लागलो. आई दारात आडवी आली, देवीचं मोडून जातीस व्हय, म्हणाली. बायकोनं तिच्या पायाला हात लावला आणि म्हणाली, आत्याबाई, देवीचंच ऐकून निघालीया, तुमी काळजी करू नगासा. आईला काही उमगलं नाही. मलाही नाही. पण गाडी चुकवून विचारत बसणारा मी नव्हे.

ऑपरेशन शुक्रवारी झालं. मी बाहेरच्या बाकड्यावर बसून फाईलचे कागद पहिल्यापासून मोजले, मग उलटे मोजले. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, सगळं निघालं. मी त्यांना सॅल्यूट ठोकला. मेव्हणी म्हणते की तो मी डाव्या हातानं ठोकला, पण ती काहीही म्हणते.

जखम भरल्यावर पाच आठवडे शेक होता, तेव्हा आम्ही सांगलीलाच राहिलो. मेव्हणी शाळेत नोकरीला, तिच्यावर किती भार टाकायचा, म्हणून मी वरच्या खालांकडं भाकरी शिकायला जायला लागलो. पाणी कडकडीत घ्या भाऊ, असं त्या म्हणाल्या, आणि एका वेळी एकाच भाकरीचं पीठ मळा. दोन महत्त्वाच्या गोष्टी, पण आमच्या घरात कुणी सांगितल्या नव्हत्या. तिसऱ्या आठवड्यात माझी भाकरी टम्म फुगली. खालांनी शेजारणीला बोलावून दाखवली. बायकोला मात्र त्या भाकऱ्या मेव्हणीच्या म्हणून खपवल्या. म्हटलं, घरी गेल्यावर एकदम दाखवू.

सगळं संपवून गावी आलो. पुढच्या मंगळवारी ती देवीची ओटी भरायला निघाली, मी पिशवी धरायला. ओटी भरून झाल्यावर आम्ही दोघं देवळाच्या पायरीवर बसलो. तिच्या डोक्यावर बारीक केस यायला लागले होते. ती म्हणाली, आता काम तडीस गेलं, आता सांगायला हरकत न्हाई.

"तुमाला सगळ्यांना वाटलं मी ऑपरेशनचं इचारलं. म्या इचारलं, माझ्यामागं ह्यांचं नीट हुईल का. हो म्हणाली असती तर मी तितंच थांबणार हुते. लय दमले हुते वं मी."

मी पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत बसलो.

"डावा पडला," ती म्हणाली. "मग काय करणार? ऱ्हावं लागलं."

माझं बोट पडायला पाहिजे होतं त्या खांद्यावर पडलं असतं, तर देवीनं हो म्हटलं असतं. आणि ही बाई समाधानानं घरी येऊन पडून राहिली असती, आणि मी गोल भाकरी शिकलो असतो एकट्यासाठी. मला रडू आलं. दिवसाढवळ्या, पायरीवर, लोक येत-जात असताना मी रडलो. तिनं विचारलं, काय झालं? म्हटलं, उपाशी हाय. उपाशी माणूस असा रडतो व्हय, असं म्हणून तिनं ओटीतलं खोबरं माझ्या हातावर ठेवलं. तेलाचं मी तिला अजून सांगितलेलं नाही.

ऑपरेशन झालेल्या बाजूच्या हातावर तिनं जोर द्यायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलंय, म्हणून भाकऱ्या माझ्याकडंच आहेत. त्या संध्याकाळी ती ओसरीवर बसली होती आणि मी चुलीपुढं. पहिली थापली. गोल, पातळ, तव्यावर टाकली तशी पुरीसारखी फुगली. मी त्या भाकरीकडं क्षणभर बघितलं आणि ती मागच्या दारानं नेऊन म्हशीच्या पाटीत टाकली. दुसरी मुद्दाम मधे फाडली, एका अंगानं करपू दिली आणि ताटात घालून बाहेर नेली.

ती भाकरी उलटसुलट करून म्हणाली, "अजून न्हाईच जमत तुमाला."

मी म्हटलं, न्हाई जमत.

दर तीन महिन्यांनी सांगलीला तपासणी असते. आतापर्यंतचे रिपोर्ट चांगले आहेत, नंबर घालून फाईलला लावलेत. रोज एक तरी भाकरी मी करपवतो.