वालूरच्या तलवारीवरची सही

१९४९च्या जानेवारीत माझं पोस्टिंग परभणीला झालं. हैदराबादच्या पोलीस ॲक्शननंतर गावोगावची हत्यारं जमा करायचं काम आमच्या कंपनीकडं होतं. मी हवालदार. सकाळी सहाला फॉल-इन, सातला ट्रक, दुपारी चारला नोंद.

वालूरच्या रामजीबाबांनी हुकूम पाळून एक जपानी तलवार माझ्या हाती दिली. त्यांचा मुलगा किसन महायुद्धात ब्रह्मदेशात माझ्या सेक्शनमध्ये लान्स नाईक होता. तो लढाईत पडला, त्याच मोर्च्यावर ती मिळाली. वरिष्ठांच्या परवानगीनं मीच ती बाबांना आणून दिली होती. तपासून परत देऊ, असा आमच्या कॅप्टनसाहेबांचा शब्द होता. तो मी बाबांना सांगितला.

दुसऱ्या दिवशी दहाला साहेबांनी मला बोलावलं. रंगूनला कैद्यांच्या कॅम्पवर एका जपानी लोहारानं मला तलवारीवरची कारागिराची सही ओळखायला शिकवलं होतं, हे त्यांना ठाऊक होतं. मी बांबूची खुंटी काढून मूठ उतरवली. आतल्या पोलादावर दोन अक्षरं. गंज काळा, एकसारखा, खाचांतही तोच. नव्यानं कोरलेली सही असती तर खाचा तांबूस दिसल्या असत्या. युद्धातल्या कारखानी तलवारींवर असतो तो शिक्का नव्हता. प्रत्येक रेघेच्या शेवटी छिन्नी हलकेच उचललेली. घाई नसलेला हात. मी बघतच राहिलो.

"अस्सल?"

"येस सर. दोनशे वर्षांची तरी असंल."

साहेबांनी शाबासकी दिली.

आठ दिवसांनी रजिस्टरात शेरा पडला: नकली सही, नष्ट केली. तपासणारा म्हणून माझं नाव. त्याच दुपारी साहेबांच्या बदलीच्या सामानात मी ती तलवार पाहिली. विचारलं.

"डिसमिस, हवालदार."

रविवारी वालूरला गेलो. शेरा बाबांपर्यंत पोचला होता.

"खोटी व्हती का रं?"

युनिफॉर्म अंगावर होता. साहेबांविरुद्ध बोलायचं नसतं.

"न्हाई बाबा. लय जुनी, खरी व्हती. मी खरी म्हणलो, म्हणून साहेबांनी ठेवून घेतली."

 बाबांनी मला जेवून जायला सांगितलं. मी वर तक्रार लिहिली. उत्तर आलं नाही.

लान्स नाईक किसन, वय बावीस. ब्रह्मदेशात तो पडला त्या सकाळी पुढं जायची पाळी माझी होती. मला ताप होता. "तुमी बसा, मी जातो," म्हणाला. सहा वाजून दहा मिनिटांनी तो खंदकाबाहेर पडला.