खारीच्या गाडीला रेतीचे पाटे

आपल्याला काय येत नाही, हे ज्याला कधी कळत नाही, त्याला आमच्या पेणकरपाड्यात मिस्त्री म्हणत.

नव्वदच्या सुमारास वडिलांनी जुनी पिकअप घेतली. आधीच्या मालकाने तिच्यातून रेती वाहिली होती, म्हणून मागच्या चाकांवरच्या दोन्ही कमानींत, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगांत, दोन-दोन लोखंडी पाटे जादा घातले होते. रेतीला ते ठीक. वडील वाहत होते नया नगरच्या बेकरीची खारी. एवढ्या हलक्या मालाने कमान दबेच ना. प्रत्येक खड्ड्यात गाडी उडायची आणि राई गावातल्या दुकानात डबा उघडला की निम्मा चुरा. बेकरीवाला म्हणाला, "चाचा, ये हफ्ता देखता हूँ, फिर दूसरी गाडी लगाऊँगा." आमचं घर त्या एका कामावर चालत होतं.

गाड्यांच्या स्टँडवरच्या मिस्त्रीचं निदान तयार होतं. "कमान कमजोर झालीय, काका. अजून एक पाटा टाकू." स्टँडवरच्या ड्रायव्हरांनी माना डोलावल्या. त्यांच्यात पाटे मिशांसारखे मिरवायचे. काढून टाकले तर अब्रू गेली.

मी तेव्हा नुकतीच बी.एस्सी. झाले होते, फिजिक्स घेऊन, आमच्या घराण्यातली पहिली. म्हटलं, "कमान कमजोर नाही, नको तेवढी कडक आहे. पाटे काढा."

मिस्त्री हसला. "कॉलेजात गाड्या पण शिकवतात का, ताई?"

"नाही. विचार करायला शिकवतात. तुम्हाला वेळ मिळाला नसेल."

वडील माझ्यावरच डाफरले, "गप बस. मिस्त्री हाय तो!" मला शिकवलं त्यांनी, पण विश्वास ग्रीसने माखलेल्या हातांवर.

तिसरा जादा पाटा बसला. दुसऱ्या दिवशी खारीचं पीठ झालं.

शनिवारी वडील जॅक घेऊन अंगणात बसले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "किती काढायचे?"

"जादाचे सगळे."

उरलेले पाटे गंजून एकमेकांना चिकटले होते. ते खरवडून ग्रीस लावलं. टायरांत ठासून भरलेली हवाही थोडी कमी केली. गाडी मागून जरा खाली बसली, आणि स्टँडवर लगेच, "काका, गाडीची कंबर गेली काय?" वडील मान खाली घालून निघाले. मी शेजारी बसले होते.

राईच्या दुकानदाराने डबा उघडला. वरच्या थराचे दोन-तीन कोपरे उडालेले, बाकी खारी अख्खी. त्याने एक खाल्ली आणि डबे आत नेले. बेकरीवाल्याने दुसऱ्या गाडीचं नाव पुन्हा काढलं नाही.

महिन्याभराने मिस्त्री चार ड्रायव्हरांना समजावत होता की हलक्या मालाला पाटे कमीच लागतात, आपण पहिल्यापासून हेच सांगतोय. वडील तिथेच उभे होते.

"मग माझ्या गाडीत तिसरा पाटा शोभेला घातला होतास का रे?"

मिस्त्रीने पाना उचलला आणि एका ट्रकखाली शिरला. तिथेच बरा होता.