रेशनकार्डावरची आडवी रेघ

लोक प्रवासवर्णन लिहितात ते हिमालयाचं, नाहीतर युरोपचं. मी लिहिते आहे ते बिबवेवाडीहून निघून बिबवेवाडीलाच परतलेल्या प्रवासाचं. त्यात डोंगर एकच लागला, पर्वती, आणि तोही रिक्षातून दिसला.

बाबा सकाळी स्वारगेटला उतरले. यवतमाळकडून ट्रॅव्हल्सच्या गाडीत बसून आलेला माणूस, पण शर्टाची इस्त्री मोडली नव्हती. बाबा शिंपी. आमच्या तालुक्याच्या गावात त्यांनी सगळं आयुष्य मशीनवर काढलं. एका हातात तुरीच्या डाळीची पिशवी, दुसऱ्या हातात तपासण्यांची फाईल. हृदयाच्या तीन नसा बंद होत्या. बायपास लवकर करा, असं तिकडच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. आई नाही, मी एकुलती एक, नवरा तेव्हा कंपनीच्या कामानं परदेशी. म्हणजे जे करायचं ते मीच.

"काऊन गं एवढी वाळली तू?" हे त्यांचं पहिलं वाक्य. नसा ह्यांच्या बंद, आणि वाळले मी!

पहिला मुक्काम एका चकचकीत रुग्णालयात. आत कॉफीचा वास, गुळगुळीत फरशी. बाबा दारावरच्या रखवालदाराकडे बघत राहिले. "खांदा उतरला हाये त्याच्या कोटाचा," ते मला हळूच म्हणाले. काउंटरवरच्या मुलीनं खर्चाचा कागद पुढे सरकवला. माझ्या सगळ्या शिलकीतही तो बसणारा नव्हता.

"मॅम, तुम्ही आयटीत ना? मग कंपनीच्या पॉलिसीत पेरेंट्स अ‍ॅड नाही केले?"

केले होते की. फॉर्मवर एकच जोडी लिहिता येत होती, आईवडील नाहीतर सासूसासरे. लग्नानंतरच्या पहिल्याच एप्रिलात मी सासूसासऱ्यांची नावं लिहून मोकळी झाले. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारलंही नव्हतं. सून म्हणून तेच शोभतं असं मला वाटलं. सासरे अजून रोज पर्वती चढतात, देव त्यांना सुखी ठेवो. हे सगळं मला त्या काउंटरवर, बाबांच्या देखत सांगावं लागलं. बाबा खर्चाच्या कागदाची नीट चौकोनी घडी घालत बसले.

तिथून सरकारी रुग्णालयात. रांग जिन्यापर्यंत. दमलेल्या तरुण डॉक्टरनं फाईल मात्र शेवटच्या पानापर्यंत वाचली. "इथं तारीख चार महिन्यांनंतरची मिळेल, आणि इतकं थांबू नका," तो म्हणाला. "ट्रस्टच्या रुग्णालयांत कमी उत्पन्नवाल्यांसाठी राखीव खाटा असतात. तिथल्या समाजसेवा विभागात जा. रेशनकार्ड आणलंय का?"

बाबांनी आणलं होतं. कुठल्याही गावाला जाताना ते रेशनकार्ड घेऊन निघतात, ह्यावरून मी त्यांना आयुष्यभर चिडवलं होतं.

दुपारी मंडईजवळ जेवायला थांबलो. आमटीचा पहिला घास घेऊन बाबांनी वाढप्याला विचारलं, "इथं मिरची भेटत नाही का?"

"मिळते की. समोर मंडई आहे, घेऊन या," तो म्हणाला आणि निघून गेला.

बाबा मनापासून हसले. मग भात कालवता कालवता म्हणाले, "फॉर्मचं बरोबरच केलं तू. नवीन घरी आधी तेच लागते." त्यांनी मला दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

ट्रस्टच्या रुग्णालयात समाजसेवा विभागाच्या बाई खिडकीशी बसल्या होत्या. त्यांनी फाईलमधला तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला पाहिला, केशरी रेशनकार्ड उघडलं आणि विचारलं, "घरात कमावतं कोण?"

मी तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले, "माही पोरगी हाये न! हिंजवडीत, कॉम्प्युटरवर. तेच पाह्यते माह्यं सारं."

झालं! मी डोळे मिटून घेतले. बाईंचं पेन थांबलं.

"अहो काका, मी प्रश्न कागदांना विचारलाय. तुमचं उत्तर मला ऐकू आलेलं नाही." त्यांनी कार्डावर बोट ठेवलं. "हे खोडलेलं नाव कुणाचं?"

"माझं," मी म्हणाले. "लग्नानंतर कमी केलं."

"मग तुम्ही त्यांच्या कुटुंबात नाही. तुमचा पगार धरायचा नाही. वडील तुमच्यावर अवलंबून नाहीत, असं इथं लिहा आणि सही करा."

लग्नाच्या आठव्या दिवशी बाबा तहसिलीत जाऊन ती आडवी रेघ मारून घेऊन आले होते. सासरच्या कार्डावर नाव चढवायला मला नाव कमी केल्याचा दाखला हवा होता आणि मीच घाई केली होती. आज त्या रेघेमुळे त्यांना खाट मिळत होती. मला राग आला, कुणाचा ते सांगता येणार नाही. पर्समधलं पेन काढून मी सही केली. बाबा खिडकीबाहेर बघत होते.

शस्त्रक्रियेच्या सकाळी नर्सनं संमतीपत्र आणलं. रुग्णाच्या जिवाला धोका आहे हे मला समजलं आहे, सर्व जबाबदारी माझी, असं त्यात लिहिलं होतं.

"पुरुषमाणूस कुणी नाही का?"

"मी आहे," मी म्हणाले, आणि त्याच पेनानं दुसरी सही केली. नात्याच्या रकान्यात 'मुलगी' लिहिलं.

नसा जोडल्या गेल्या. रुग्णालयातून सुट्टी मिळाल्यावर रिक्षावाल्यानं आम्हाला खड्डे चुकवत, बायकोच्या बाळंतपणाच्या गोष्टी सांगत बिबवेवाडीला आणलं. एवढी सावकाश रिक्षा पुण्यात पुन्हा कधी मिळाली नाही.

"त्या बाईंपुढं मी खरं तेच बोललो होतो," वाटेत मध्येच बाबा म्हणाले.

"हो बाबा. खोटं मी लिहिलं."



इमारतीच्या दारात तळमजल्यावरच्या काकू भेटल्या. "पाहुणे आलेत वाटतं?"

"पाहुणे नाहीत, काकू," मी म्हणाले, "घरचेच आहेत."

बाबा दुसऱ्या पायरीवर थांबले. मला वाटलं दम लागला, म्हणून मी दंड धरला. "सोड, ठीक हाये मी," ते म्हणाले. मग खिशातून रेशनकार्ड काढून त्यांनी माझ्या हातात दिलं.

"हे आता तुह्यापाशीच राहू दे."