बरोबरच्या दोन रेघा

बावीस वर्षं मी ह्या शाळेची घंटा वाजवते आहे. झाडू, पाणी, खडू, नोटिशीची वही, पडलेल्या पोरांच्या गुडघ्याला औषध, सगळं माझ्याकडेच. पोरं मला मावशी म्हणतात आणि घाबरतात. घाबरायलाच पाहिजे, नाहीतर डोक्यावर बसतील. इतके मास्तर आले नि गेले, उगाच कोणाचं कौतुक करायची मला सवय नाही. पण सहावीच्या गणिताच्या बाईंपुढे माझी बोलती बंद झाली, ती आजपर्यंत.

बाईंची तऱ्हाच वेगळी. पोराला फळ्याशी पाठवायचं आणि आपण जाऊन उभं राहायचं शेवटच्या बाकामागे, खिडकीकडे तोंड करून. फळ्याकडे पाठ! पोरगं गणित सोडवतंय, बाई बाहेर बघतायत. आणि मधेच, मान न वळवता म्हणायच्या, "थांब. हातचा विसरलास."

आणि पोरगा खरंच हातचा विसरलेला असायचा.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, काचेत दिसत असणार. मी काय कमी आहे? दुसऱ्या दिवशी ऊन येतं म्हणून खिडकीवर जुनी चादरच टांगली. बाई हसल्या. "मावशी, काढा ती. मी खडू ऐकते."

"खडूत काय ऐकायचं असतं?"

"बरोबरचं चिन्ह काढतात ना, दोन आडव्या रेघा? उत्तराची खात्री असेल तर पटकन येतात, टक टक. नसेल तर पहिली रेघ काढून पोर थबकतं. एक श्वास घेतं, मग दुसरी. मला तेवढा श्वास ऐकू आला की पुरतं."

मी चौथी शिकलेली बाई. त्या दिवशी दुपारी रिकाम्या वर्गात जाऊन मी स्वतः फळ्यावर दोन रेघा काढून पाहिल्या. मला कप्पाळ ऐकू आलं!

वह्या तपासायची रीतही तशीच. लाल पेन नाही की काही नाही. पोराने बाईंजवळ उभं राहून आपलंच गणित मोठ्याने वाचायचं. वाचता वाचता पोरच म्हणायचं, "अय्या, इथे चुकलंय." मला वाटायचं, काय डोकं आहे ह्या बाईचं! चोराच्याच हाताने चोरी पकडतात.

त्यातली खरी गोष्ट मला सहामाहीनंतर कळली. मोठ्या सरांनी नोटीस काढली की मी वही घेऊन वर्गावर्गांत फिरते, शिक्षक वाचून सही करतात. ह्या बाई मात्र कायम म्हणायच्या, "तोंडी सांगा मावशी, काय म्हणतायत सर." मी मनात म्हणायची, राणीसाहेबांना वाचायचेही कष्ट! त्या दिवशी घाईत माझ्याकडून वही उलटी धरली गेली. बाईंनी पानाकडे बघितलं, मान हलवली आणि उलट्या पानावर झोकात सही ठोकली.

मी वही मिटली. मधल्या सुट्टीत सरळ विचारलं, "बाई, डोळ्यांना काय झालंय?"

त्यांनी आधी दार लोटून घेतलं. मग म्हणाल्या, "कडेकडेचं दिसतं. जे बघायला जावं त्याच्यावर मधोमध डाग. डॉक्टर म्हणाले, पडदा गेलाय, आता परत यायचा नाही."

"मोठ्या सरांना सांगितलंत?"

"सांगितलं की उद्याच वर्ग काढून घेतील. सर वाईट नाहीत हो, पण त्यांनाही वर उत्तर द्यावं लागतं." त्यांनी माझा हात धरला. "पाचवीपासूनची पोरं आहेत ही माझी. वार्षिक परीक्षेपर्यंत चार महिने. तेवढे मला ह्या वर्गात काढू द्या मावशी. मग मी आपणहून सांगेन."

माझ्या पोटात गोष्ट राहत नाही असं माझी जाऊ सांगत फिरते. पण ही मी गिळली ती गिळली. नोटीस आली की आधी पाठ करून घ्यायची आणि बाईंना म्हणून दाखवायची. आपल्याशिवाय हे कोणालाच ठाऊक नाही, ह्याचा मला थोडा तोराही होता, खोटं कशाला बोलू?

आणि मग मीच घोटाळा केला.

कोणीतरी शाळेला पांढरे फळे देणगी म्हणून दिले. गुळगुळीत, पेनाने लिहायचे, धूळ नाही. त्याच आठवड्यात तपासणीचे साहेब येणार होते. मोठे सर म्हणाले, "मावशी, सगळ्या वर्गांत नवे फळे लागले पाहिजेत." मला तर काय, खडूच्या भुकटीने बावीस वर्षं खोकतेय मी! उत्साहाने सुताराला घेऊन फिरले. सहावीतला काळा फळा उतरवला, जिन्याखाली नेऊन टाकला, खडूची खोकी कपाटात कोंडली. काम फत्ते म्हणून चहा प्यायला बसले. पहिल्याच घोटाला कप खाली ठेवला. पेनाला आवाज असतो का गं बये? माझ्या अकलेचं काय शेण झालं होतं देव जाणे.

धावत सहावीच्या दारात गेले तर साहेब आणि मोठे सर आत शिरलेलेच. बाई त्यांच्या जागेवर, शेवटच्या बाकामागे, खिडकीकडे तोंड करून. त्यांचा चेहरा मला बाजूने दिसत होता. पांढरा पडला होता.

साहेबांनी गणित सांगितलं. "दोन तृतीयांश अधिक एक चतुर्थांश. कोण करेल?" आणि बोट दाखवलं घुमीकडे. ह्या पोरीला वर्गाने घुमी नाव ठेवलं होतं, कारण ती दिवसाला चार शब्द बोलली तर पाऊस पडेल. पोरगी उठली, पेन घेतलं आणि लिहायला लागली.

आवाज नाही. काहीच नाही. पेन त्या फळ्यावर तेलावरून घसरावं तसं चाललेलं. साहेबांनी वळून बाईंच्या पाठीकडे पाहिलं. "बाई, आपण फळ्याकडे बघत नाही?"

संपलं, मी मनात म्हटलं. माझ्याच हाताने संपवलं.

तेवढ्यात पहिल्या बाकावरच्या पोराने पेन्सिल उलटी धरली आणि लाकडी बाकावर आकडे काढायला लागला. घुमी लिहील तसा, तिच्याच वेगाने. टक, सर्र, टक. मग त्याच्या शेजारचा. मग मधली रांग. बघता बघता अडतीस पेन्सिली बाकांवर चालायला लागल्या. घुमीचा हात उचलला की सगळ्या उचलायच्या, टेकला की टेकायच्या.

घुमी मधेच चुकली. चुकलेलं त्या पोरांना दिसत होतं, हो, पुढच्या बाकावरच्या हुशार पोरीने तर ओठ चावला. पण एकानेही स्वतःचं बरोबर उत्तर गिरवलं नाही. तिने चुकीचं लिहिलं तर ह्यांनी चुकीचं. ती बरोबरच्या चिन्हाची पहिली रेघ काढून थबकली, तर अडतीस पेन्सिली थबकल्या. एक श्वास. मग दुसरी रेघ.

"थांब," बाई म्हणाल्या. मान वळवली नाही. आवाज मात्र कापरा झाला होता. "खालचे बारा बरोबर. वरच्या दोनाला काय केलंस?"

"तसाच ठेवला," घुमी म्हणाली.

"खालच्याला चाराने गुणलंस, मग वरच्याने तुझं काय घोडं मारलंय?"

वर्ग खो खो हसला. साहेबही हसले. "कमाल आहे," ते म्हणाले, "वर्ग असावा तर असा." आणि पुढच्या वर्गात गेले.

मोठे सर मात्र दारात थांबले. त्यांनी बाईंच्या पाठीकडे पाहिलं, बाकांवरच्या उलट्या पेन्सिलींकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी मान खाली घातली. माणूस तीस वर्षं शाळेत आहे, त्याला काय दुधखुळा समजायचं?

शाळा सुटल्यावर मी पहिल्या बाकावरच्या त्या पोराचा कान धरला. "मेल्या, तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणीच नाही," तो म्हणाला. "बाई पाचवीत माझ्या वहीवर लिहायच्या. मग लिहायच्या बंद झाल्या. आम्हाला कळलं."

"पाचवीपासून? आणि बोलला नाहीत कोणाला?"

"तुम्ही बोललात का?"

मी कान सोडला. एक गुपित चार महिने सांभाळायचं तर माझा जीव निघत होता, आणि ही अडतीस माकडं ते वर्षभर खिशात घेऊन हुंदडत होती.

तेवढ्यात मोठे सर आले. "मावशी, सहावीतला काळा फळा कुठे ठेवलात?"

"जिन्याखाली आहे."

"वार्षिक परीक्षेपर्यंत तो लागेल," ते म्हणाले आणि बाह्या सरसावल्या. एक बाजू त्यांनी धरली, दुसरी मी. फळा भिंतीला टांगला, कपाटातून खडू काढले.

दुसऱ्या दिवशी पहिल्याच तासाला घुमीने तेच गणित पुन्हा घेतलं. मी झाडू घेऊन दाराशी होते. काय वाटलं कोण जाणे, मीही फळ्याकडे पाठ केली आणि डोळे मिटले. खडू चालला, थांबला, परत चालला. आणि मग दोन रेघा, टक टक, मधे श्वास नाही.

ऐकू आलं मला. खरंच ऐकू आलं.